पिनकोड नसलेला उद्योग

सांगली,
शुक्रवार, ६ मार्च

तीर्थस्वरूप नारायणमामांना,

भाची ज्ञानदाचा सांगलीहून वाकून नमस्कार. (पूर्वी वाकले की हात तुमच्या पायांपर्यंत पोचायचे, आता माझ्याच गुडघ्यांवर थांबतात. तरी नमस्कार पूर्ण धरावा.) तुमची तब्येत कशी आहे? मामींची पाठ काय म्हणते? तुम्ही अजून पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढता आणि उतरताना, साखर वाढलेली असूनही, पेढेवाल्याच्या दुकानावरून मुद्दाम सावकाश चालत जाता, असं ऋचाकडून कळलं. (पोटच्या मुलीनेच बातमी फोडली म्हटल्यावर बाहेरच्यांना काय बोलायचं?) चालत जायला हरकत नाही. थांबू नका.

फोन असताना पत्र का, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही माझ्या पहिल्या वाक्यालाच "मुद्द्यावर ये" म्हणता, आणि माझ्याकडे मुद्दा नेहमी शेवटी येतो. शिवाय फोनवर नाही म्हणणं फार सोपं असतं. पत्राला नाही म्हणायचं तर चष्मा शोधा, पेन शोधा, पेन चालतंय का बघा, पाकीट आणा, एवढं करेपर्यंत माणूस जरा मवाळ होतो असा माझा अंदाज आहे.

आधी दीक्षाबद्दल सांगते, कारण हा सगळा खटाटोप तिच्यासाठी आहे. दीक्षा माझी संशोधक विद्यार्थिनी, कवठे महांकाळची. वडील मिलिंद एसटीत कंडक्टर. मी शिकवते पदार्थविज्ञान, पण ही पोरगी चार वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर लोकरीचं गाठोडं ठेवून म्हणाली, "मॅडम, हे फुकट जातं." जत आणि कवठे महांकाळकडच्या मेंढ्यांची लोकर काळी आणि राठ. पूर्वी घोंगड्यांना लागायची, आता घोंगड्या घेणारे उरले नाहीत, म्हणून कातरलेली लोकर ओढ्याकाठी तशीच पडून राहते. दीक्षाने तिचा जाड फेल्ट केला. (फेल्ट म्हणजे न विणता नुसती भिजवून, दाबून जमवलेली लोकर. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण पत्र मामी मोठ्याने वाचणार म्हणून लिहिलं.) त्याची ताटाएवढी चकती शेवग्याच्या नाहीतर डाळिंबाच्या रोपाच्या बुडाशी अंथरली की तिसऱ्या दिवशी घालावं लागणारं पाणी सातव्या दिवशी घातलं तरी रोप मान टाकत नाही. जतकडे टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला ह्या चार दिवसांची किंमत विचारा. पण साबणाच्या गरम पाण्यात, चटईत गुंडाळून, हाताने लोळवून दीक्षाच्या दिवसाला तीन चकत्या होतात. तीन चकत्यांनी जतचा दुष्काळ हटत नाही, हे तिला माझ्याआधी कळलं.

तिची शिष्यवृत्ती एकतीस मार्चला संपते. पुढची दोन वर्षं मिळायची तर एकच वाट आहे, केंद्राची नवी योजना, जिच्यात विद्यापीठ आणि उद्योग यांनी एकत्र संशोधन करायचं. उद्योगाची सही नसेल तर अर्जच घेत नाहीत. आणि शिष्यवृत्ती नाही मिळाली तर पुण्याच्या एका कंपनीचं पत्र दीक्षाच्या पिशवीत आहे, एक एप्रिलला हजर व्हा म्हणून. काम काय, तर लोकांना फोन करून विम्याच्या हप्त्याची आठवण करून द्यायची. ते पत्र तिने मला दाखवलेलं नाही. पिशवीतून अर्धं बाहेर आलं होतं, उरलेलं अर्धं मी बाहेर काढून वाचलं. (चूक झाली, पण त्यानंतर मला नीट झोप लागत नाही, तेव्हा शिक्षा चालू आहे असं समजा.)

सांगलीतल्या पोरीच्या चकतीचा दिल्लीशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मामा, दिल्लीला कुणी कूस बदलली की सांगलीत आमची पांघरुणं सरकतात. मी नोकरीला लागले तेव्हा वरून यायचं, शोधनिबंध लिहा. आम्ही लिहिले. इतके लिहिले की वाचायला कुणी उरलं नाही, कारण जो तो लिहीत होता. मग आलं, निबंध पुरे, पेटंट घ्या. आमच्या एका सहकाऱ्याने न गळणाऱ्या नळाचं पेटंट घेतलं, तो नळ स्टाफरूममध्ये बसवलाय, आणि त्याच्याखाली बादली ठेवलीय. मग प्रत्येक विद्यार्थ्याने कंपनी काढावी असं वारं आलं. आता उद्योगांशी हात मिळवा. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी शहाणपणाचीच असते, हे मी मनापासून म्हणते. फक्त एकीत आमचा जीव रमायला लागला की दुसरी दार वाजवते.

खरं सांगू का, मला ही धोरणं वाचायला आवडतात. (कॉलेजात कुणाला कळू देऊ नका.) दुपारी दोनच्या सुमाराला, तास संपलेले असताना, कृष्णेकडून जरासा वारा येतो आणि मी दीडशे पानांचं धोरण उघडून बसते. झोप येत नाही, पण अक्षरं पातळ व्हायला लागतात. प्रत्येक धोरणात कुठे ना कुठे एक सेतू बांधायचा असतो, ज्ञान आणि उद्योग यांच्यामधला. मला तो सेतू म्हणजे आपला कृष्णेवरचा आयर्विन पूलच दिसतो. एका बाजूने प्राध्यापक चालत येतायत, काखेत फायली. दुसऱ्या बाजूने कारखानदार येतायत, हाताला ग्रीस. पुलाच्या मध्यावर सगळे थांबतात, कठड्याला टेकतात आणि खाली पाण्याकडे बघत राहतात. नदी संथ आहे, कुणी काही मागत नाही, कुणाला घाई नाही. कुणीतरी खिशातून फुटाणे काढतं. मग घंटा होते, आणि मी बघते तर पान तेच.

त्याच धोरणात तयारीच्या नऊ पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर नुसती कल्पना, नवव्या पायरीवर वस्तू बाजारात. सरकारचे संशोधनाचे पैसे साधारण तिसऱ्या पायरीपर्यंत चढतात आणि धापा टाकतात. कारखानदार सातवीवर उभा असतो आणि म्हणतो, इथवर या, मग बघू. मधे जी चौथी, पाचवी, सहावी आहे तिथे पायऱ्याच नाहीत, खोल दरी आहे. पाटणकडून कोयनेच्या खोऱ्यात सकाळी धुकं भरलेलं असतं तशी मला ती दिसते. त्या धुक्यात देशभरातली अर्धवट यंत्रं गवतात शांत पडून आहेत, कुणाचा पंप, कुणाची चूल, कुणाचं औषध, आणि त्यांच्याशेजारी ती करणारी माणसं उशाला वह्या घेऊन पडली आहेत. भयंकर असं काही नाही, उलट छान गारवा आहे, आणि तीच तर भीती. माझी दीक्षा नेमकी चौथ्या पायरीवर उभी आहे.

तर उद्योग शोधायचा होता आणि हातात पंचेचाळीस दिवस होते. आमच्याकडे अनीश नावाचा तरुण प्राध्यापक आहे, त्याच्याकडे उद्योगांशी करार करायचं काम. त्याने कपाट उघडलं. आत त्रेचाळीस करार, प्रत्येकाला निळं कव्हर. मागचं धोरण करार मोजायचं, करारात काय आहे ते विचारायचं नाही, म्हणून अनीशने मोजण्यासारखे करार केले होते. एका आइस्क्रीमवाल्याशी अतिशीत तापमानाच्या अभ्यासासाठी, एका बेकरीशी सच्छिद्र पदार्थांसाठी, एका फोटो स्टुडिओशी प्रकाशशास्त्रासाठी. (हे शेवटचं त्यातल्या त्यात खरं म्हणायचं, कारण बाकी सगळ्या करारांचे फोटो त्यानेच काढले.) आम्ही एकेकाला फोन लावला. आइस्क्रीमवाल्याने फार आपुलकीने विचारलं, "मागच्या खेपेला फोटो नीट आला नव्हता का?"

तेव्हा दीक्षा म्हणाली, "मॅडम, आपला उद्योग यल्लाप्पामामाच न्हाई का?" (इंग्रजीत प्रबंध लिहिते, पण पोटातलं बोलायचं झालं की कवठे महांकाळ बाहेर येतं.) यल्लाप्पा जतचे मेंढपाळ. चार वर्षं दीक्षाला लोकर तेच देतात, आणि चटईत लोकर लोळवायची रीत तिला त्यांच्या बायकोने, बनाबाईंनी शिकवली. पावणेतीनशे मेंढरं, स्वतःचा माल, नियमित पुरवठा, पिढ्यान्‌पिढ्यांचं तंत्र. मी योजनेतली उद्योगाची व्याख्या तीन वेळा वाचली. कुठेही लिहिलं नव्हतं की उद्योगाला चार पाय नसावेत.

दिवाळीनंतर ते मेंढरं घेऊन पश्चिमेकडे निघतात, त्यामुळे जानेवारीत हरिपूरच्या बाजूला, ऊस तुटलेल्या रानात त्यांचा तळ होता. आम्ही तिघं करार घेऊन गेलो. मी त्यांना शक्य तितक्या सोप्या मराठीत योजना समजावली, की सरकार म्हणतं, उद्योगाने पैसे नाही घातले तरी चालेल, पण त्याच्याकडे जे आहे ते त्याने कॉलेजच्या जागेत आणून कामाला लावलं पाहिजे. यल्लाप्पा मधूनमधून "हौद्री, हौद्री" म्हणत होते. (जतकडे कानडीचा शेजार आहे, हौद्री म्हणजे होय हो.) मग त्यांनी कराराचा कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि परत दिला.

"बाई, अंगठा दितो, त्येचं काय न्हाई," ते म्हणाले. "पन कागदानं बोलणं पक्कं हुतंय व्हय? आमच्यात मेंढरं बसवल्याबिगर शबूद पक्का न्हाई."

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही. शेतकरी मेंढपाळाला बोलावतो, मेंढरं रात्रभर त्याच्या रानात बसतात, रानाला खत मिळतं, मेंढपाळाला ज्वारी मिळते. ज्याच्या रानात एकदा मेंढरं बसली त्याच्याशी पुढे वर्षानुवर्षं व्यवहार, लग्नकार्याला बोलावणं, अडीनडीला धावणं. न बसवता नुसता बोलला तो पाहुणा, त्याचं काही खरं नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरीही मी मान डोलावून "बरोबर आहे तुमचं" म्हटलं, कारण मला वाटलं ते एक सुंदर वाक्य बोलतायत. मामा, शिकलेल्या माणसाची हीच खोड. समोरचा माणूस कामाची गोष्ट सांगतो आणि आपण तिला दाद देऊन बसतो. तपासणी समितीची तारीख कधी, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं, ते मी आस्थेचं लक्षण समजले.

समिती तीस जानेवारीला सकाळी यायची होती. एकोणतीसला संध्याकाळी यल्लाप्पा, बनाबाई, दोन कुत्री, एक घोडं आणि पावणेतीनशे मेंढरं कॉलेजच्या फाटकातून आत आली. वॉचमनने "कुठनं आलात?" विचारलं, तर बनाबाईंनी अंगठा घेऊन आम्ही त्यांना दिलेली कराराची प्रत दाखवली. कराराला विद्यापीठाचं बोधचिन्ह होतं, वॉचमनने सलाम केला. मी तेव्हा घरी समितीसाठीचं भाषण पाठ करत होते.

सकाळी पोचले तर मैदानावर अगदी हलकं धुकं होतं आणि त्यात मेंढरं बसलेली. मी फाटकातच थांबले. प्राचार्यांनी दोन महिने टँकरने पाणी घालून समितीसाठी जी हिरवळ वाढवली होती ती राहिली नव्हती, 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी तेवढी राहिली होती आणि तिच्याखाली एक मेंढी रवंथ करत होती. स्वागताच्या कमानीची झेंडूची फुलं तोंड पोचेल तिथपर्यंत खाल्लेली. पण मामा, आवाज कसलाच नव्हता. रोज मोटारसायकली फुरफुरवणारी पोरं व्हरांड्यात गुपचूप उभी होती. बनाबाई झेंड्याच्या चबुतऱ्यावर बसून लोकर कातत होत्या. प्राचार्य कोट घालून मैदानाच्या मधोमध उभे होते आणि एका कोकराने त्यांच्या बुटावर मान टाकली होती, म्हणून ते हलत नव्हते. रागावण्याची त्यांची फार इच्छा होती, मला दिसत होतं, पण रागावायला हलावं लागतं.

तेवढ्यात समितीची गाडी आली. अध्यक्ष दिल्लीचे, सत्तरीचे गृहस्थ, तीन दिवसांत सात कॉलेजं आणि सात सेतू बघून थकलेले. ते उतरले, इकडेतिकडे बघितलं आणि पायरीवर बसले. प्रोजेक्टर लावला होता तिकडे कुणी गेलंच नाही. धुकं उतरलं, ऊन आलं, लोकरीवरून वाफ निघायला लागली. दहा मिनिटं गेली असतील, वीस गेली असतील. बाकीचे दोन सदस्यही शेजारी बसले. मला वाटलं मी परत दुपारी दोनचं धोरण वाचतेय आणि आता घंटा होणार. घंटा झाली नाही. शेवटी अध्यक्षांनी हिंदीत विचारलं, उद्योग केव्हापासून चालू आहे? दीक्षाने ते यल्लाप्पांना मराठीत विचारलं.

"मेंढरं हायत तवापास्नं," यल्लाप्पा म्हणाले.

कामगार किती?

"मी, बनाबाई आन दोन कुत्री. कुत्री लय कामाची हायत."

मग दीक्षाने आपली चकती आणली. तिने भाषण वगैरे केलं नाही. एक कुंडी चकती घातलेली, एक बिनचकतीची, दोन्हींना सहा दिवस पाणी नाही. अध्यक्षांनी दोन्ही कुंड्यांत बोट घालून बघितलं. बिनचकतीच्या कुंडीतलं बोट कोरडं आलं, दुसऱ्या कुंडीतल्या बोटाला ओली माती लागली होती आणि ती त्यांनी पुसली नाही. जाताना त्यांनी शेऱ्यात लिहिलं, 'उद्योगाचा सहभाग निःसंशय आहे.' अनीशने सांगितलं की इतका ठाम शेरा विद्यापीठात आजवर कुणाला मिळालेला नाही. प्राचार्य तर त्या दिवसापासून मैदानाच्या खतावर भाषण करतात.

हे सगळं इथे संपलं असतं तर मी तुम्हाला पेढे पाठवले असते. (मामींना. तुम्हाला नाही.) पण माणसांनी पास केलेलं संकेतस्थळाने पास करावं लागतं. अर्जात उद्योगाचा पत्ता, आणि पत्त्यात पिनकोडाचे सहा चौकोन. यल्लाप्पा पावसाळ्यात जतला, दिवाळीत वाटेवर, पौषात कृष्णाकाठी, पुढे पाटणकडे. त्यांना फोन करून विचारलं तर म्हणाले, "ज्या गावचं रान मोकळं त्यो आपला नंबर." अनीशने जतचा टाकला. संकेतस्थळाने दारावरच्या पाटीचा फोटो मागितला. आम्ही घोड्याचा पाठवला, कारण सामान त्याच्यावर असतं. मग त्याने तीन महिन्यांचं वीजबिल मागितलं. यल्लाप्पांकडे एक विजेरी आहे.

परवा उत्तर आलं. उद्योग चालू आहे हे मान्य, पण तो कुठे चालू आहे हे सिद्ध होत नाही. सबब, लोकर पिंजून दाबायची यंत्रं असलेला, स्थिर जागेचा, वीजजोडणीचा आणखी एक भागीदार दाखवा, गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत. म्हणजे काल. पाचला दहा कमी असताना अनीश डोकं धरून बसला होता. दीक्षाने आपल्या वह्या एकावर एक ठेवायला सुरुवात केली, मोठी खाली, लहान वर. ते मला बघवेना. मी अनीशला उठवलं, खुर्चीवर बसले आणि रिकाम्या रकान्यात भरलं. काय भरलं ते खाली लिहिते. पाचला चार मिनिटं असताना पडद्यावर हिरवी खूण आली आणि आम्ही तिघांनी कँटीनमध्ये जाऊन गरम भजी खाल्ली.

बाकी सांगलीकडे सगळं ठीक. उन्हाळा लवकर लागलाय, द्राक्षं यंदा गोड आहेत, ऋचा येईल तेव्हा पेटी देते. तुम्ही दोघं जपून असा. मामींना नमस्कार, आणि त्या हे वाचताना इथे थांबल्या असतील तर त्यांना म्हणावं, पुढचं तुम्ही मनातल्या मनात वाचलंत तरी चालेल.

तुमची,
ज्ञानदा

ता. क. : रकान्यात मी तुमचं नाव भरलं. साताऱ्याच्या एमआयडीसीतली तुमची फेल्टची शेड, तिचा गाळा नंबर, पिनकोड, आणि 'स्थिती' ह्या रकान्यात 'चालू'. वीजबिलाचा फोटो ऋचाने पाठवला. तिला ओरडू नका, मी तिला कारण सांगितलं नव्हतं, नुसतं लवकर पाठव म्हटलं होतं. (तिने कारण ओळखलं असावं, कारण न मागता यंत्रांचेही फोटो पाठवले.) पुढच्या गुरुवारी, बारा तारखेला, सकाळी अकरा वाजता दोन माणसं शेड बघायला येणार आहेत. तुम्ही फक्त कुलूप काढायचं आहे. यंत्र चालतं की नाही ते आम्ही बघू.

आणखी एक ता. क. : तुम्ही रागावणार हे मला ठाऊक आहे, आणि तुमचा राग खरा आहे. वीस वर्षांपूर्वी असाच एक प्राध्यापक तुमच्याकडे आला होता, असंच एक धोरण घेऊन. तुम्ही त्याच्यासाठी चांगलं चालणारं यंत्र खोलून बदललंत. मधेच दिल्लीत काहीतरी फिरलं, निधी थांबला, तो यायचा बंद झाला. त्याने एक ओळ लिहूनसुद्धा कळवलं नाही. यंत्र बदललेलं तसंच राहिलं, नंतर गिऱ्हाइकं गेली, अकरा वर्षांपूर्वी तुम्ही कुलूप लावलंत आणि म्हणालात, कॉलेजातलं माणूस आता दारात उभं करणार नाही. मी तेव्हाही कॉलेजातच होते, म्हणून ते मला लागलं होतं. धोरण ह्या वेळी फिरणार नाही असं मी वचन देऊ शकत नाही मामा. ते फिरेलच. दीक्षा मात्र दर सोमवारी सकाळच्या गाडीने साताऱ्याला येईल, निधी असो नसो, हे मी तिला न विचारता सांगते. आणि एक विचारते. अकरा वर्षं शेड बंद आहे तर दर महिन्याला तिचं वीजबिल तुम्ही का भरता? मीटर काढायला माणूस आला होता तेव्हा त्याला चहा पाजून परत पाठवलंत, असं ऋचा म्हणाली. रागाने कुलूप लावलेलं असतं तर बिल कशाला भरलं असतंत?

अगदी शेवटचं : हे पत्र मी गुरुवारच्या आधी तीन दिवस पोचेल अशा हिशेबाने लिहायला बसले होते, म्हणजे तुम्हाला विचार करायला सवड मिळावी. पण पाकीट बंद करतेय तोच दीक्षा आली. तिने आज सकाळी पुण्याच्या कंपनीला नकार कळवला. मी म्हटलं, अगं थांबायचंस ना जरा. तर ती हसली आणि म्हणाली, "आता कशाला थांबायचं मॅडम? काल तुमीच म्हनलात की, तुमचे मामा हो म्हनलेत."

मामा, मी तिला तसंच सांगितलं होतं. ती वह्या आवरत होती आणि मला दुसरं काही सुचलं नाही.